हातोडीवाल्या देवाच्या आत

आत लई गरम असतं. लोकं मला पहिलं हेच इचारत्यात म्हनून पहिलं हेच सांगते. वाढदिवसाला, दुकानाच्या उद्घाटनाला, लग्नाच्या मिरवनुकीला त्यो पिवळ्या केसांचा, लाल शेल्याचा, हातात हातोडी घेतलेला विजेचा देव येतो का न्हाई, फुगलेल्या दंडाचा, त्याच्या आत मी असते. दंड स्पंजचे हायेत. केस नायलॉनचे. घाम तेवढा माजा.

आता हे सगळ्यांला ठावं झालंय म्हनून लिवायला हरकत न्हाई. न्हाईतर पहिलं वर्ष मी ह्यातलं एक अक्षर कुनाजवळ काढलं नसतं. मी भित्री हाय. लाईट गेली तरी मी आरूला, म्हंजे माज्या पोरीला, हाक मारते, ती मला न्हाई मारत. आन् माजी साळा आठवीला सुटली, त्यामुळं बोलते तसंच लिवते, हे लिवून मागनाऱ्या दिवाळी अंकाच्या ताई म्हनल्या तसंच चालंल.

त्यो सिनेमा आला तवा आमच्या तिसगावात कुनाला त्याचं काय पडलं न्हवतं. लांब कुठंतरी थंड मुलूख हाय, तिथले जुने देव, त्यांच्यावर काढलेला. इंग्रजी, पन हिंदीत बोलतो. बाप एका डोळ्याचा, पोरगा हातोडी फेकतो आन् आभाळ कडाडतं, हातोडी फिरून परत हातात येते. रथाला दोन बोकड जुंपल्यात. आदी पोरांनी मोबाईलवर बघितला, मंग त्यो देव दप्तरावर आला, मंग केकवर आला, आन् केकवर आला की आमच्या राजूशेठला ठावं झालं. राजूशेठचा मंडप-डीजेचा धंदा. त्येंनी मुंबईवरनं त्या देवाचा ड्रेस मागवला आन् आरूच्या पप्पाला म्हनले, तू मंडपाचे बांबू उचलतोस, आता हे उचल.

दोन ऑर्डरी ह्यांनी केल्या. तिसरीला टायफॉईड झाला. राजूशेठ दारात उभे, गाडी चालू ठिवलेली, कर्जतला एका डॉक्टरच्या पोराचा बड्डे, आन् आत हे गोधडी घेऊन कुडकुडत पडलेले. शेठनी माज्याकडं बघितलं. मी उंच हाय. साळंत मला सगळ्यात मागं उभी करायचे, लगीन जमायला बी त्याच्यानंच उशीर झाला. शेठ म्हनले, वहिनी, एकच दिवस. मी न्हाई म्हनले. मंग हेच गोधडीतनं म्हनले की जा, ऑर्डर मोडली तर परत कोन बोलवनार न्हाई. मी आरूला शेजारच्या ताईकडं ठिवली आन् गेले. गाडीत मला दोनदा उलटी झाली, भ्यानं.

ड्रेसात शिरायची रीत अशी. आदी पाय, मंग धड, पाठीवर चेन, ती आपल्या हातानं लागत न्हाई, दुसऱ्यानं लावायची. मंग शेला. शेवटाला डोकं. डोकं घातलं की जग बंद. देवाच्या तोंडात काळी जाळी हाय, तिच्यातनं थोडं पुढचं दिसतं, खालचं काय न्हाई, बाजूचं काय न्हाई. टाळूजवळ एक लहान पंखा, सेलवर चालतो, चालला तर. बोलायचं न्हाई. खोकायचं बी न्हाई. अर्धा तास झाला की बाहेर, न्हाईतर चक्कर येते. आन् सोबत एक मानूस पायजे, कोपर धरनारा, कारन आपन आंधळंच असतो. कोपराला एक दाब दिला म्हंजे पायरी आली, दोन म्हंजे खाली लहान लेकरू हाय, सरकू नगं.

त्या दिवशी कर्जतला काय झालं, डॉक्टरचं पोरगं देवाला बघून किंचाळायला लागलं. त्याच्या आईनं त्याला माज्याकडं ढकललं, त्यो आनखी रडला. मंग मला आरूच दिसायला लागली. मी लांबच खाली बसले, फतकल मारून, हातोडी जमिनीवर ठिवली आन् तिच्याकडं बघतच न्हाई असं केलं. लहान लेकराला आपल्याकडं कुनी बघत नसलं की धीर येतो. त्यो हळूच आला, हातोडी उचलली आन् माज्या डोक्यात घातली. मी आडवी पडले. तिथनं पुढं त्यो मला सोडंना.

राजूशेठला फोन गेला की परत ह्योच मानूस पाठवा, लेकरांचं लई चांगलं जमतं ह्याला. हे बरे झाले तरी मंग आत मीच राहिले, आन् हे कोपर धरनारे झाले. बाहेर मातर सांगायचं की आत हे असत्यात आन् मी ड्रेसाला इस्तरी करते.

त्यो सिनेमा मी मोबाईलवर परत परत बघितला, पन गोष्टीसाठी न्हाई, चालीसाठी. बाई चालली की कंबर हालते, पाय जवळ पडत्यात. त्यो देव पाय फाकून चालतो, जसं काय दोन्ही काखेत खताची गोनी हाय. घरात दार लावून मी तसं चालायचे आन् आरू माज्या मागनं चालायची. हातोडी फेकायचं बी शिकले. सिनेमात ती आपली आपन परत येते. आमची परत येत न्हाई. मंग पोरं ओरडली की फेक, फेक, की मी फेकायचे आन् आरूचे पप्पा मंडपाच्या मागनं पळत जाऊन, हातोडी उचलून, लोकांच्या डोक्यावरनं परत माज्याकडं फेकायचे. एकदा ती केकमधी पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांला वाटलं तसंच असतं.

गिऱ्हाईकं एकेक. राहुरीकडं एका नवरदेवाला घोड्याच्या पुढं ह्यो देव नाचत पायजे हुता. घोड्यानं मला बघितलं, मी घोड्याला, दोघं बी घाबरलो, पन पळाला एकटा घोडा. नवरदेव वरच. चांगला लांब जाऊन सापडला, तवर वऱ्हाडानं मंडपात जेवायला सुरुवात केली हुती. आन् एका मेंढपाळ काकांनी नातवाच्या बड्डेला खरे दोन बोकड आनले, म्हनले सिनेमात रथाला हायेत, मंग इथं बी पायजेत. त्यातल्या एकानं माजा शेला खाल्ला. आजून बी खाली एका बाजूला त्यो कुरतडलेला हाय, मी दुमडून शिवलाय.

वाईट एवढंच वाटतं की बड्डे सगळ्यांचे रविवारी करत्यात, न्हाईतर संध्याकाळी. दुसऱ्याच्या पोरांना मी आख्ख्या जिल्ह्यात खांद्यावर नाचवलं, आन् आरूचा बड्डे आमी दुसऱ्या दिवशी करतो, उरलेल्या फुग्यांवर. तिला वाटतं बड्डे दुसऱ्या दिवशीच असतो.

आता जे सांगायचंय ते.

माजे सासरे, त्यांला आमच्यात मामा म्हनत्यात, ते आन् आत्याबाई, म्हंजे सासूबाई, तिसगावापासनं आत वस्तीवर राहत्यात. आमी दोघं लगीन झाल्यापासनं ऊसतोडीला जायचो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात, एकट्याला घेत न्हाईत. दसरा झाला की मुकादम जोड्या गोळा करून कारखान्याला न्हेतो, आन् उन्हाळा लागला की परत. आरू फडाजवळ पाचटाच्या कोपीत, म्हंजे झोपडीत, मोठी झाली. साळंत नाव घातलं तवा आमी ठरवलं की आता जायचं न्हाई, तिसगावात खोली केली. सोंगाचं कानावर आलं तवा मामांनी एवढंच सांगितलं की पुढच्या दसऱ्यापातुर बघा, असल्या नाचगान्यावर घर चालत असंल तर ठीक, न्हाईतर मुकादमाला म्या शब्द देनार, जायचं. मामा एकदा बोलले की बोलले. आरू पयलीत हुती, तिला बाराखडी यायला लागली हुती, आन् परत कोपीत गेली असती तर ती बी माज्यासारखीच मधी सुटली असती. मला रात्रंदिवस तेच. आन् त्यात त्यांला ठावं न्हवतं की आत मी असते. पोरगं सोंग घेतं हेच त्यांला लाजिरवानं वाटायचं, सून घेते कळलं तर त्येंनी आमाला दसऱ्याची वाट बी बघू दिली नसती.

दसरा आठवड्यावर आला हुता तवा राजूशेठनी एक ऑर्डर घेतली. गाडी गावात शिरली आन् बंगल्यासमोर थांबली तवा हे खाली उतरंनात. त्यो आमच्या मुकादमाचा बंगला हुता. भानुदास मुकादम. त्यांच्या नातवाचा, विराजचा, बड्डे. आन् टोळीतल्या सगळ्या जुन्या मानसांना जेवायला बोलावलेलं.

मी म्हनले, आपन परत जाऊ. हे म्हनले, मुकादमाची ऑर्डर मोडून कुठं जायचं. मंग म्हनले, मामा बी जुने टोळीतले, आले असत्याल, पन तू आत हायेस, डोकं बंद हाय, कोन वळखनार. हे त्येंनी मला सांगितलं का सोताला, कुनास ठावं. चेन लावून झाल्यावर त्येंनी सोताच्या तोंडाला गमछा गुंडाळला, बाहेर कुनी वळखू नये म्हनून.

पहिला अर्धा तास ब्येस गेला. विराज घाबरट न्हवता, आल्या आल्या पोटात बुक्की मारली. मी त्याला खांद्यावर घेतला, नाचले, हातोडी फेकली. मुकादमाच्या आईनं येऊन माज्या पायावर डोकं ठिवलं, देव कंचा का असंना म्हनली. मुकादमांनी मला फेटा बांधला, नारळ दिला, माज्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. मंग ते म्हनले, आता आपल्या टोळीतली जुनी मानसं, एकेकानं वर यायचं, देवाबरोबर फोटो. माइक मुकादमाच्या धाकट्या पोराकडं हुता, सागरकडं, त्यो राहुरीला शेतीचं शिकतो. त्यो एकेकाचं नाव पुकारायला लागला.

आन् त्येनं नाव घेतलं, किसननाना, म्हंजे आमचे मामा.

माज्या कोपराला एक जोरात दाब आला. मला वाटलं पायरी, मी पाय उचलला. पायरी न्हवतीच. मी पाय हवेत धरून उभी. ह्यांनी आपल्या बापाला बघून नुसतं कोपर आवळलं हुतं. पाय खाली ठिवला आन् जाळीतनं बघितलं तर समोर पांढरी टोपी, त्यो घट्ट बंद केलेला शर्टाचा गळा, आन् मामा माज्या अंगावर यावेत एवढ्या जवळ.

मी काय केलं ते मला केल्यावर कळलं. हात आपोआप मागं गेला, शेल्याचा काठ धरला आन् पिवळ्या केसांवरनं, फेट्यावरनं कपाळापातुर ओढून घेतला. हातोडी हातातनं पडली. मी तोंड फिरवलं आन् मान खाली घालून बाजूला सरकून उभी राहिले, जशी घरी मामा आले की चुलीपाशी उभी राहते तशी.

 मंग बायका जिथं बसल्या हुत्या तिथनं एकजन म्हनली, "अगं बया, देवाला सासरा दिसला जनू."

आख्खा मांडव हसला.   मुकादमांचा चेहरा जाळीतनं दिसला, ते काय हसत न्हवते, त्यांला वाटलं त्यांच्या पाव्हन्यांची टिंगल केली. त्येंनी राजूशेठला हाक मारली. मी म्हनलं संपलं, ऑर्डर बी गेली, काम बी गेलं, आरूची साळा बी गेली.

तवा सागर माइकवर बोलला. त्यो म्हनला, हसू नका, हे त्यांच्या जुन्या गोष्टीत खरंच हाय. एका राक्षसानं ह्या देवाची हातोडी चोरली आन् म्हनला, मला नवरी आनून द्या, मंग देतो. मंग ह्यो देव सोताच नवरी झाला, डोक्यावरनं पदर घेतला, राक्षसाच्या मांडवात जाऊन बसला. हातोडी मांडीवर आली तवा कुठं पदर टाकला आन् उठला. ह्या कलाकारानं बघा किती अभ्यास केलाय.

मला त्यातलं काय ठावं न्हवतं. आजून बी मला वाटतं त्या पोरानं ती गोष्ट त्या घडीला रचली असंल, पन त्यो शपथेवर सांगतो की खरी हाय. लोकं टाळ्या वाजवायला लागली. बायका ओरडल्या, मंग नवरीवानी चालून दाखवा. मुकादम बी खुश झाले, म्हनले चाला.

मी चालले. त्या ड्रेसात पहिल्यांदा मी माज्या चालीनं चालले. पाय जवळ टाकत, पदर धरून. लोकं हसून हसून लोळली, म्हनले काय हुबेहूब करतोय गडी. मामा स्टेजवरच हुते. ते हसले न्हाईत. ते माज्या पायांकडं बघत हुते. सून म्हनून मी त्यांच्या अंगनात पानी भरत, ढोरं सोडत तेच पाय टाकत आले, त्यांला काय कुनी सांगायची गरज हुती का. त्येंनी फोटो काढला न्हाई. खाली उतरले.

मांडवाच्या मागं भटारखान्याजवळ आमी थांबलो. मला आतल्या आत रडू फुटलं, आन् डोक्यात रडलं की डोळं बी पुसता येत न्हाईत. हे चेन काढनार तेवढ्यात मामा आले. हातात पान्याचा तांब्या. मी परत शेला ओढायला लागले तर त्येंनी पोराला सांगितलं, तिचं डोकं काढ आदी, तिला वारं लागू दे. आन् ते पाठ करून उभे राहिले. भिताडाकडं तोंड करून. तांब्या मागच्या मागं धरला.

मी पानी प्याले.  मंग मामा भिताडाकडंच बघत म्हनले, "आत लई गरम हुतं का गं?"

"व्हय मामा."

"उसाच्या फडापेक्षा?"

मी लई इचार केला. खोटं बोलायची सवय लागली हुती, पन त्या घडीला खोटं सुचंना. "तेवढंच," मी म्हनले. "पन आरू घरी सावलीत असती."

मामांनी रिकामा तांब्या न बघता घेतला आन् निघून गेले. जेवायला बी थांबले न्हाईत. त्यांच्या मनात काय हाय ते मला कळलं न्हाई. घरी येताना हे म्हनले, आपलं सामान बांधायला लाग.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमी वस्तीवर हुतो. मुकादम आले. दरसाल येत्यात, कोन येनार, कोन न्हाई ते ठरवायला. ओट्यावर मामा आन् ते. मी दाराच्या आत चहाला आधन ठिवलेलं, साखर दोनदा टाकली. आरू माज्या मांडीजवळ पुस्तक घेऊन बसलेली, मोठ्यानं वाचत हुती, तिला हळू वाचता येत न्हाई. हे गोठ्यात जाऊन बसले, त्यांला ऐकवंना.

मुकादम म्हनले, मंग नाना, तुमचा कोयता धरू ना. मामा तंबाखू मळत राहिले. मुकादम म्हनले, पोराचं ते सोंगाढोंगाचं किती दिवस चालनार, आज सिनेमा हाय म्हनून देव हाय, उद्या दुसरा सिनेमा आला की देव माळ्यावर. गडी तरना हाय, सून कामाला वाघीन हाय, दोघांला धाडा माज्याबरोबर.

खरं तेच बोलत हुते. सिनेमाचं काय खरं हाय. मला बी रोज तेच भ्या वाटतं. 

मामा म्हनले, "न्हाई मुकादम. ह्या साली न्हाई. नात साळंत हाय."

"आन् खानार काय? पोरगं तोंडाला रंग फासून—"

"पोरगं न्हाई." मामांनी त्यांला मधीच थांबवलं. "त्या ड्रेसात माजी सून असती. त्या दिवशी तुमच्या नातवाला खांद्यावर घिऊन नाचली ती सून हुती माजी. तुमी फेटा बांधला ती सून हुती. तुमच्या आई ज्याच्या पाया पडल्या ती सून हुती."

 मी दाराच्या फटीतनं बघितलं. मुकादम टोपी काढून डोकं खाजवत हुते. त्या दिवशी आपन कुनाच्या खांद्यावर हात टाकला ते त्यांला आठवत असावं, कारन ते एकदम लाजले, आन् लाजले की मंग हसले. एवढ्या मोठ्या मानसाला मी तसं हसताना कधी बघितलं न्हवतं.

मी पदर घेऊन चहा बाहेर ठिवला आन् मागं वळले. तेवढ्यात मुकादम दाराकडं तोंड करून म्हनले, "सूनबाई, विराज रोज इचारतोय. देव परत कधी येनार?"

 मामांनी कप उचलला, बशीत चहा ओतला, फुंकला.

"बुकिंग करावं लागतं मुकादम," मामा म्हनले. "आन् साळंच्या वेळंत जमनार न्हाई. पोरीला सोडायला-आनायला तिलाच जावं लागतं."